पाणी मोजत उत्तरेकडे

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेनं दक्षिणोत्तर धावणारा ३९५ क्रमांकाचा महामार्ग हा माझा अमेरिकेतला सगळ्यात आवडता रस्ता. उत्तरेकडे तोंड करून निघालं की डाव्या हाताला सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइटचे कडे, उजव्या हाताला इन्यो आणि व्हाइट पर्वतांची कोरडी, तपकिरी रांग आणि मधोमध ओवेन्स नदीची लांबलचक दरी. अलास्का सोडलं तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर याच पट्ट्यात आहे. चार-साडेचार हजार वर्षांहून अधिक वयाची झाडं इथे आहेत, समुद्राहून खारट सरोवर आहे आणि सुकून गेलेलं एक दुसरं सरोवरही आहे. सिएराच्या शिखरांवर पॅसिफिकचे ढग रिकामे होतात, त्यामुळे पलीकडच्या या दरीत पाऊस नावापुरताच पडतो. दरी जगते ती वितळणाऱ्या बर्फावर. म्हणून इथला प्रवास आखायचा तर पाण्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे, आणि या वेळच्या प्रवासानं ते आणखी पक्कं केलं.

आम्ही लॉस एंजेलिस शहरातल्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो. यापूर्वी या रस्त्यानं गेलो ते मोटेलांत उतरत. या खेपेला साताऱ्याहून माझे वडील आले होते. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मॉल आणि स्टुडिओ पाहायची त्यांना हौस नाही. धरण, कालवा, बोगदा म्हटलं की मात्र ते पहाटे उठून तयार. त्यांना घेऊन सप्टेंबरच्या अखेरीस एक छोटा ट्रेलर ओढत ओवेन्स दरीतून मोनो सरोवरापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. तेव्हा खालचा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो, वरचे घाट अजून उघडे असतात आणि शाळा सुरू झाल्यामुळे मुक्कामाच्या जागांवरची गर्दीही ओसरलेली असते.

ट्रेलर म्हणजे ‘टिअरड्रॉप’ जातीचा: पुढून गोल, मागे निमुळता होत गेलेला, आत दोन माणसं आडवी होतील एवढीच जागा. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर: ओटा, दोन शेगड्या, डबे ठेवायचे कप्पे. स्वयंपाक करणारा माणूस आकाशाखाली उभा. १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत असे ट्रेलर लोक घरच्या घरी बनवू लागले. प्लायवूड, वर पत्रा आणि जुन्या गाडीचा आस एवढ्यावर काम भागे. हौशी कारागिरांच्या मासिकांतून त्यांचे आराखडे छापून येत. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतून तयार ट्रेलर निघू लागले आणि गेल्या काही वर्षांत त्यांना पुन्हा मागणी आली आहे. कारण साधं आहे. मोठ्या मोटरहोमला मोठं इंजिन लागतं, मोठी जागा लागते. हा ट्रेलर साध्या गाडीमागे जातो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं गाडीच्या पाठीवर. वडिलांनी आत झोपायचं, मी आणि नवऱ्यानं बाजूला तंबू ठोकायचा, अशी वाटणी केली.

आखणीचा पहिला कागद वजनाचा होता. गाडी किती ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण तो आकडा ट्रेलरच्या रिकाम्या वजनाशी ताडून उपयोग नाही, भरल्या वजनाशी ताडावा लागतो. अंथरूण-पांघरूण, गॅसची टाकी, अवजारं, शिधा, पाणी हे सगळं त्यात धरायचं. एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढे, गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, पडला पाहिजे. तो कमी पडला तर ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि ते झोके गाडीलाही ओढून नेतात. फार जास्त झाला तर गाडीचं बूड बसतं आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. म्हणून जड सामान आसाच्या थोडं पुढे आणि तळाशी ठेवायचं, मागच्या स्वयंपाकघरात हलके डबे. पाणी या हिशेबात सगळ्यात अवघड, कारण एक लिटर म्हणजे एक किलो आणि ते वापराबरोबर कमी होत जातं. टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना, दोन्ही वेळा तोल राहिला पाहिजे.

दुसरा कागद गाडीच्या तब्येतीचा. ट्रेलरची चाकं वर्षातला बराच काळ उभ्या उभ्या उन्हात तापतात. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयानं विरतं. म्हणून टायरवर कोरलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष वाचायचं. हवा थंड टायरमध्ये भरायची, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, चाकाचे नट पहिल्या ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. हिच आणि ट्रेलर यांच्यामधल्या साखळ्या जोडाच्या खाली एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल मर्यादा आहे. त्यामुळे नकाशावरच्या ॲपनं सांगितलेली वेळ सोडून द्यावी आणि आपला हिशेब आपण करावा. मागे घेण्याचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये आधीच करावा: हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा आणि ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवायचा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर वळतो, म्हणून हालचाल अगदी थोडी आणि सावकाश.

तिसरा कागद उंचीचा, आणि प्रवासाचा क्रम ठरला तो त्यावरून. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. अडीच हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर मुक्काम करायचा तर शरीराला हळूहळू सवय लावावी लागते. खरं तर ती हजारो वर्षांची झाडं, ब्रिसलकोन पाइन, लोन पाइन गावाहून उत्तरेला जाताना वाटेतच फुटणाऱ्या रस्त्यावर आहेत, पण तिथला मुक्काम २,६०० मीटरवर. ती जागा शेवटी ठेवली. आधी लोन पाइनजवळ सुमारे साडेपंधराशे मीटरवर, मग कॉन्व्हिक्ट सरोवर आणि मोनोजवळच्या ली व्हायनिंगच्या खोऱ्यात सव्वादोन-अडीच हजार मीटरच्या आत, आणि परतताना व्हाइट पर्वतावर. नकाशावर हा क्रम उलटसुलट वाटतो. फुप्फुसांच्या हिशेबानं तो सरळ आहे.

मुक्कामाच्या जागा इथे तीन तऱ्हेच्या. वनखात्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानांच्या बऱ्याच जागांचं आरक्षण संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा त्याच सकाळी जातात. काही जागा जो पहिला येईल त्याच्या. लाकडी पेटीत पाकिटातून पैसे टाकायचे आणि खांबाला चिठ्ठी अडकवायची. तिसरी तऱ्हा म्हणजे मोकळी सरकारी जमीन, जिथे ना नळ, ना शौचालय, ना शेजार. अशा ठिकाणी शेगडी किंवा शेकोटी पेटवायलाही राज्याचा परवाना लागतो. तो फुकट मिळतो, पण वणव्याच्या मोसमात शेकोटीवर सरसकट बंदी येऊ शकते. आम्ही पहिल्या दोन तऱ्हांची सरमिसळ केली: शनिवार-रविवारची जागा आरक्षित, आठवड्यातल्या दिवसांच्या रिकाम्या सोडलेल्या, आणि प्रत्येकीला पर्यायी जागा लिहून ठेवलेली.

या सगळ्या कागदांवर वडिलांनी एकच प्रश्न विचारला.

“पाणी कुठंकुठं भरायचं, ते यात कुठं लिहिलंय?”

मग नवा कागद घेतला. प्रत्येक मुक्कामासमोर नळ आहे की नाही, कोणत्या महिन्यात बंद होतो, आधीचं गाव कोणतं. थंडीत नळ फुटू नयेत म्हणून उंचावरच्या जागांचं पाणी शरदातच बंद करतात. व्हाइट पर्वतावर तर पाण्याची सोयच नाही. माणशी रोज पिण्याला चार लिटर, स्वयंपाकाला आणि भांड्यांना तेवढंच, असा हिशेब धरला. खरकट्या पाण्याला वेगळा कॅन, कारण ते जमिनीवर ओतायचं नाही. “टँकरच्या गावात माणसं असाच हिशेब करतात,” वडील म्हणाले, आणि कागद घडी घालून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला. तिथून पुढे पाण्याचं खातं त्यांच्याकडे गेलं.

शहर सोडताना सिल्मारला महामार्गाच्या कडेलाच डोंगरउतारावरून पाणी पायऱ्यांनी खाली येताना दिसतं. त्याला ‘कॅस्केड्स’ म्हणतात. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी लॉस एंजेलिसचा जलवाहक कालवा इथे खुला झाला. विल्यम मलहॉलंड या मुख्य अभियंत्यानं ओवेन्स नदीचं पाणी २३३ मैलांवरून, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटरवरून, कुठेही पंप न लावता निव्वळ उतारावर शहरात आणलं. वडिलांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बराच वेळ ते पाहत उभे राहिले. कालवा, बंद नळ, डोंगरातले बोगदे, दऱ्या ओलांडणाऱ्या पोलादी नळांचे सायफन, हे सगळं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट सायफनमध्ये दाब किती येत असेल ते त्यांनीच मला सांगितलं. अभियंत्याला अभियंत्याच्या कामाबद्दल वाटणारा आदर त्यांच्या बोलण्यात होता. पुढे दरीत काय पाहायचं आहे, ते मी तेव्हा बोलले नाही.

मोहावीचं वाळवंट ओलांडून ३९५ला लागलं की वाऱ्याची ओळख होते. दुपारनंतर दरीत वारं उठतं आणि उंच गाड्यांना इशारा देणाऱ्या पाट्या काही शोभेच्या नाहीत. आम्ही पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठायचा नियम ठेवला होता, तो सगळ्या प्रवासात पाळला. लोन पाइनच्या दक्षिणेला डावीकडे सिएराचे सुळके वाढत जातात आणि उजवीकडे एक पांढरट, सपाट विस्तार पसरतो. ते ओवेन्स सरोवर. नदीच कालव्यात वळवल्यावर १९२०च्या दशकात ते सुकलं. त्याच्या तळाची क्षारयुक्त धूळ वाऱ्यावर उडू लागली आणि बारीक धुळीचा अमेरिकेतला सर्वांत मोठा स्रोत म्हणून या तळाची नोंद झाली. आसपासच्या गावांनी ती धूळ कित्येक दशकं श्वासातून घेतली. आता शहराला कायद्यानं बांधून घेतलं आहे. तळावर उथळ पाणी सोडून, खडी टाकून, गवत लावून धूळ बसवायचं काम चालू असतं. त्या उथळ पाण्यावर पाणपक्षी परत येऊ लागले आहेत.

लोन पाइनजवळ टटल क्रीकच्या काठी जागा मिळाली. समोर माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर. मागे, खालच्या बाजूला अलाबामा हिल्सचे गोलसर, तांबूस खडक. हॉलिवूडनं या खडकांत शेकडो चित्रपट काढले. १९३९ साली आलेल्या ‘गंगा दिन’ या चित्रपटासाठी तर इथेच हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत उभा केला होता. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कवितेवरून घेतलेली ती कथा एका पखालवाल्याची, पलटणीला पाणी पुरवणाऱ्या भिस्त्याची. ज्या दरीचं पाणी नुकतंच नेलं होतं, तिच्यात पाणी वाहणाऱ्या माणसाचा चित्रपट! मी हे सांगितल्यावर वडील त्या खडकांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. २०१९पासून हा भाग राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्र म्हणून राखला आहे. वाटेल तिथे तंबू ठोकायची मुभा आता नाही, नेमलेल्या जागीच राहता येतं. गाड्यांच्या चाकांनी झुडपं चिरडलेली पाहिली की हा नियम पटतो.

पहिल्या रात्रीचा स्वयंपाक म्हणजे मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि मेतकूट. प्रेशर कुकर न्यायचा आग्रह माझा होता. उंचीबरोबर हवेचा दाब उतरतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. २,६०० मीटरवर ते सुमारे ९१ अंशांनाच उकळतं. अशा पाण्यात डाळ तासभर उकळली तरी दाण्याची कणी राहते. कुकर पाण्याला शंभर अंशांच्या वर नेतो, गॅस वाचवतो आणि पाणीही कमी लागतं. सोबत थालीपिठाची भाजणी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. यातलं काही बर्फात ठेवावं लागत नाही, काही फार भांडी मागत नाही. अमेरिकी कॅम्पिंगची पुस्तकं जे ‘सुकं खाणं’ विकत घ्यायला सांगतात, ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रवासासाठी तयारच होत आलं आहे.

लोन पाइनहून थोडं उत्तरेला मांझनार. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य जन्मानं अमेरिकी नागरिक होते. अशा दहा छावण्यांपैकी ही एक. इथे दहा हजारांवर माणसं राहत होती. जागा म्हणजे पूर्वीच्या फळबागांचं गाव. शहरानं पाणी विकत घेतल्यावर ते गाव उठलं होतं. कैद्यांनी उरलेल्या झाडांची निगा राखली आणि बराकींच्या मध्ये दगड रचून बागा आणि तळी केली. त्या तळ्यांची दगडी कड आता वाळूतून उकरून काढली आहे. १९८८ साली अमेरिकी सरकारनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. १९९२पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. इथे घाई करू नये. अर्ध्या दिवसाची जागा प्रवासाच्या आखणीतच ठेवावी.

बिशप गावात टाकी भरली, पेट्रोल भरलं आणि वडिलांना मी ज्यासाठी इथे आणलं होतं ते सांगितलं. गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधी या दरीतले पायूट लोक बिशप क्रीकवर दगड, झुडपं आणि मातीचा बंधारा घालून पाट काढत. त्या पाटांनी ते कंद आणि बिया देणाऱ्या रानटी वनस्पतींना पाणी देत, एका वर्षी एका बाजूच्या जमिनीला आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. पाण्याची व्यवस्था पाहायला माणूस निवडलेला असे आणि हंगाम संपला की बंधारा मोडून टाकत. विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्ट्युअर्ड यांनी हे नोंदवून ठेवलं.

“ही तर फड पद्धत!” वडील ताडकन म्हणाले. “आणि तो माणूस म्हणजे पाटकरी.”

धुळ्या-नाशकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत त्यांनी नोकरीत जवळून पाहिली होती: नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, गावानं नेमलेला पाटकरी, आणि कुठल्या फडाला कुठलं पीक आणि किती पाणी हे गावानंच ठरवायचं. दोन खंडांतल्या, एकमेकांची वार्ताही नसलेल्या शेतकऱ्यांनी कोरड्या मुलखावर तोच उपाय काढला होता. मग मी उरलेलं सांगितलं. १८६३ साली लष्करानं सुमारे हजार पायूटांना दरीतून हाकलून दक्षिणेकडच्या फोर्ट तेहोनला पायी नेलं. त्यांच्या पाटांवर वसाहतवाल्यांची शेती उभी राहिली, आणि पन्नास वर्षांत त्या शेतीचंही पाणी शहरानं नेलं. वडील कोयनेबद्दल बोलू लागले. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीतून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलं, पोफळीला वीज झाली, पाणी वाशिष्ठीतून समुद्राला गेलं. वीज राज्यभर पोचली. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसं अजून त्यांना नावानिशी आठवतात. “काम चोख असतं,” ते म्हणाले, “पण ज्याच्या दारातनं पाणी जातं, त्याला आधी विचारलेलं नसतं.”

बिशपनंतर रस्ता शेरविन ग्रेडचा लांब चढ चढतो. हा चढ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सुमारे ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी लाँग व्हॅलीत झालेल्या प्रचंड उद्रेकानं जमीन खचून बत्तीस किलोमीटर लांबीचा खळगा झाला. मॅमथ लेक्स गाव त्याच्या कडेवर वसलं आहे. ट्रेलरवाल्यांनी असा चढ सकाळच्या गारव्यात चढावा, वातानुकूलन बंद ठेवावं, इंजिनच्या तापमानावर डोळा ठेवावा. उतरताना खालच्या गिअरवर उतरावं. ब्रेक दाबून धरला तर तो तापून निकामी होतो.

कॉन्व्हिक्ट सरोवराजवळ प्रत्येक जागेला अस्वलापासून जपणारी लोखंडी पेटी आहे. शिधाच नव्हे, टूथपेस्ट, साबण, रिकामा कुकरसुद्धा तिच्यात ठेवायचा. टिअरड्रॉपचं स्वयंपाकघर मागे असतं, म्हणजे खाण्याचा वास झोपणाऱ्याच्या पायाशी. तेव्हा ओटा रोज रात्री पुसून कोरडा करायचा. ट्रेलर तिथेच ठेवून आम्ही गाडीनं डेव्हिल्स पोस्टपाइलला गेलो. १९११पासून राष्ट्रीय स्मारक असलेले हे बेसॉल्टचे खांब अठरा मीटरपर्यंत उंच आहेत. लाव्हा सावकाश निवताना आकसतो, भेगा पडतात आणि बहुतेक खांब षट्‌कोनी होतात. वरून हिमनदीनं त्यांची माथी घासून फरशी केली आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब याच क्रियेनं झाले. फरक वयाचा: इथला दगड एक लाख वर्षांहूनही लहान, आपला दख्खनचा साडेसहा कोटींच्या घरातला. पण इथे शासनानं रस्ता अडवून, बस चालवून हे खांब जपले आहेत आणि गिल्बर्ट हिलला इमारतींनी वेढलं आहे, हे मनाला लागतंच.

ली व्हायनिंगच्या खोऱ्यात मुक्काम करून मोनो सरोवर पाहिलं. टायोगा खिंडीचा आठ टक्क्यांचा चढ आणि बोडीच्या ओसाड सुवर्णनगरीची शेवटची कच्ची वाट, दोन्हीकडे ट्रेलर न्यायचा नाही असं आखणीतच लिहिलं होतं. त्या दोन्ही वाटा रिकाम्या गाडीनं केल्या. मोनोच्या दक्षिण तीरावर चुनखडीचे मनोरे उभे आहेत. तळातून येणाऱ्या झऱ्यांतलं कॅल्शियम सरोवराच्या कार्बोनेटयुक्त पाण्याशी मिळून हे मनोरे पाण्याखालीच वाढतात. म्हणजे आपण ज्यांच्यामधून कोरड्या पायांनी चालतो, तिथे एकेकाळी सरोवर होतं. १९४१पासून शहरानं मोनोला मिळणारे ओढे वळवले आणि १९८२पर्यंत पातळी ४५ फूट उतरली, खारटपणा दुपटीवर गेला. गल पक्षी ज्या बेटावर अंडी घालत, त्याला जमीन जोडली गेली आणि कोयोटी त्यावर पोचले.

ही घसरण थांबवली ती मूठभर विद्यार्थ्यांनी. त्यांनी पक्षी मोजले, खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचा अभ्यास केला आणि १९७८ साली डेव्हिड गेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मोनो लेक कमिटी स्थापली. १९८३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की सरोवर ही जनतेची ठेव आहे आणि पाण्याचे जुने हक्कही त्या कसोटीवर तपासता येतात. १९९४ साली जलमंडळानं ६,३९२ फुटांची पातळी ठरवून दिली. तीस वर्षं उलटून गेली, पातळी अजून तिथे पोचलेली नाही. पण सरोवर जिवंत आहे. वडिलांनी माहिती केंद्रात पातळीचा आलेख बारकाईनं वाचला आणि वहीत उतरवून घेतला. एवढं मोठं शहर पाणी सोडायला तयार झालं, काटकसरीचे नळ आणि पाण्याचा पुनर्वापर यांवर त्यानं भर दिला, हे त्यांना कुठल्याही धरणापेक्षा मोठं काम वाटलं. मलाही तसंच वाटतं.

परतताना बिग पाइनला टाकी काठोकाठ भरून व्हाइट पर्वत चढलो. वाटेत एका ठिकाणी रस्ता खडकांमधून एकाच गाडीपुरता होतो; समोरून कुणी येत नाही ना, हे पाहून ट्रेलर घालायचा. ग्रँडव्ह्यूच्या मुक्कामावर ना नळ, ना वीज. रात्री आकाशगंगेचा पट्टा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, आणि पहाटे बादलीवर बर्फाचा पापुद्रा. पुढे तीन हजार मीटरवर शुल्मन ग्रोव्ह. एडमंड शुल्मन यांनी १९५७ साली इथल्या एका झाडाची वलयं मोजली. मेथ्युसेलाह नावाचं ते झाड आज ४,८०० वर्षांच्या पुढे आहे. त्याची नेमकी जागा जाहीर केलेली नाही, आणि ते योग्यच आहे. डोलोमाइटच्या निकस जमिनीत, कमी पावसात, ही झाडं इतकी सावकाश वाढतात की लाकूड घट्ट होतं आणि कीड लागत नाही; एकेक सुई तीस-चाळीस वर्षं टिकते. याच झाडांच्या वलयांनी रेडिओकार्बन पद्धतीनं काढलेल्या काळातल्या त्रुटी दुरुस्त केल्या आणि जगभरच्या पुरातत्त्वाचा काळ नव्यानं बसवावा लागला. वडील विरळ हवेत पावलं मोजत छोटी वाट चालून आले. उंचीचा क्रम नीट लावला होता, त्याचं हे फळ.

असा प्रवास आखणाऱ्यांना सांगते: प्रेक्षणीय स्थळांची यादी शेवटी करा. आधी पाणी, मग वजन, मग उंची, मग वारा आणि मग मुक्काम. हा क्रम धरला की मुलूख स्वतःहून कळत जातो, कारण तिथल्या माणसांनीही जगायला हेच हिशेब केले आहेत. वणवा, बंद घाट, बंद नळ यांची ताजी खबर लोन पाइनच्या दक्षिणेला, १३६ क्रमांकाचा रस्ता फुटतो तिथल्या माहिती केंद्रात मिळते. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांना अवश्य घेऊन जा. पाट, बंधारा, टँकर, विस्थापन हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. ही दरी त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजते.